हिच परत परत घसरतेय, नवी कॉर्ड घातली की महिनाभर बरं आणि मग पुन्हा तेच: कारण निघालं वरच्या पुलीत

प्रॉब्लेम असा होता. झाडावर काम करताना माझी व्हीटी हिच, म्हणजे दोरावर पकड घेणारी ती वेणीसारखी गाठ, मधूनच पकडायची नाही. पूर्ण सुटायची असं नाही, पण फांदीवरून वजन हार्नेसवर टाकलं की जागच्या जागी थांबण्याऐवजी वीतभर, कधी हातभर खाली सरकून मग थांबायची. नवी कॉर्ड, म्हणजे ज्या छोट्या बारीक दोरीने ही गाठ बांधतात ती, घातली की एकदम मस्त, तीन-चार आठवडे काही नाही, मग पुन्हा तेच. एका सीझनमध्ये हे चार वेळा झालं आणि चारही वेळा मी एकच निदान केलं, कॉर्ड झिजली, बदला. निदान चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं.

ते अर्धवट आहे हे कळलं तो दिवस सांगतो. जमिनीपासून साधारण ९ मीटरवर होतो, एका फांदीवरून दुसरीकडे जायचं होतं म्हणून लॅनयार्ड, म्हणजे झाडाला वेगळं बांधून ठेवणारा तो आखूड दोर, सोडलं (करू नये, माहितीये, त्यावर खाली बोलतो) आणि हिचवर बसलो. ती सरकायला लागली. आता अशा वेळी माणूस काय करतो, जे हाताला लागेल ते घट्ट धरतो, आणि माझ्या हाताला लागली हिचच. हिचचा वरचा भाग मुठीत धरून खाली ओढला की ती मोकळी होते, उतरताना आपण तेच तर करतो. म्हणजे मी घाबरून जितकं घट्ट धरत होतो तितकी ती उघडी राहत होती. खालून आमचा ग्राउंडवाला ओरडला, "हात सोड, हात सोड!" सोडला, आणि हिच थांबली. मीटरभर गेलो असेन. लागलं काही नाही, पण त्या दिवशी परत वर गेलो नाही.

सेटअप सांगून ठेवतो म्हणजे पुढचं समजेल. दोर ११.७ मिमी, कमी ताणणारा, बाहेर विणलेलं कव्हर आणि आत कोअर असा. हिचची कॉर्ड ८ मिमी, दोन्ही टोकांना शिवलेले आय म्हणजे गोल फासे, कव्हर साधं पॉलिएस्टर. पद्धत फिरत्या दोराची, म्हणजे दोर वरून फिरून येतो, एक टोक हार्नेसला आणि दुसऱ्या बाजूवर हिच. गियरसकट माझं वजन ९२ किलो.

आधी मी काय काय केलं ते पण सांगतो, कारण बहुतेक जण हेच करतात. पहिला सल्ला कायम ठरलेला असतो, "अरे एक वेढा वाढव ना." वाढवला. घसरणं कमी झालं पण हिच इतकी आवळायला लागली की उतरताना दोन्ही हातांनी ओढून मोकळी करावी लागायची, आणि मग मोकळी झाली की एकदम धाडकन खाली. म्हणजे आजार तोच, वर एक नवा. मग कॉर्डची लांबी कमी करून बघितली, मग दोर धुतला. एकदा तर वेढा वाढवला, कॉर्ड बदलली आणि दोर धुतला हे तिन्ही एकाच रविवारी केलं, आणि सोमवारी सगळं झकास चालल्यावर कशामुळे चाललं ते सांगता येईना. ही चूक करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला नाहीतर काहीच कळत नाही.

कारण सापडायला सुरुवात झाली ती चारही जुन्या कॉर्ड टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्यावर. फेकल्या नव्हत्या, आळस कधीकधी कामाला येतो. चारही कॉर्ड आयजवळ अगदी मऊ, जवळपास नव्यासारख्या, पण वरच्या दोन वेढ्यांची आतली बाजू, जी दोराला घासते ती, चकचकीत. बोट फिरवलं तर कापडासारखं लागत नव्हतं, प्लास्टिकच्या पट्टीसारखं गुळगुळीत लागत होतं, आणि तिथे कॉर्ड वाकवली की बारीक कर्रर्र आवाज. नखाने खरवडलं तर धागे सुटे होत नव्हते, एकमेकांना चिकटलेले. झिजलेली कॉर्ड अशी नसते, झिजलेली कॉर्ड केसाळ होते. ही वितळलेली होती. पॉलिएस्टर साधारण २५०-२६० अंशाला वितळतं पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं, आणि दोन धागे घासताना त्या पृष्ठभागावर क्षणभर किती तापमान होतं ते हाताला कळत नाही, हात बाहेरून लावतो आपण.

म्हणजे प्रश्न बदलला. कॉर्ड का झिजते असा नाही, कॉर्ड एवढी का तापतेय.

मग डायरी काढली. कुठल्या दिवशी कुठलं झाड, काय बदललं, एवढं दोन ओळीत लिहायची सवय आहे मला. त्यात दिसलं की आधीच्या दोन वर्षांत मी कॉर्ड सीझनला एकदा बदलायचो, आणि हा तीन-चार आठवड्यांचा प्रकार सुरू झाला तो मी वर पुलीवाला फ्रिक्शन सेव्हर (फांदीवर अडकवायचा पट्टा, दोर सालीऐवजी त्यातून फिरतो) लावायला लागलो त्यानंतर. त्याआधी दोर सरळ बेचक्यातून टाकायचो किंवा दोन रिंगवाला सेव्हर वापरायचो. पुली घेतली कारण वर चढताना दोर लोण्यासारखा फिरतो, खांदे वाचतात. उतरतानाचा विचारच केला नव्हता.

आता गणित बघा, अवघड नाहीये. या पद्धतीत तुमचं वजन दोराच्या दोन बाजूंत वाटलं जातं. उतरताना दोर वरून हार्नेसच्या बाजूला सरकत असतो, त्यामुळे वर घर्षण असेल तर हार्नेसच्या बाजूला जास्त ताण आणि हिचच्या बाजूला कमी. बेचक्यात सालीवर घासत असेल तर हा फरक सहज दुप्पट-अडीचपट होतो. अडीचपट धरला तर माझ्या ९२ पैकी हिचवर साधारण २६ किलो. चांगली पुली लावली की दोन्ही बाजू जवळपास सारख्या, म्हणजे हिचवर ४५ किलो. आणि तुम्ही १ मीटर उतरलात की हिचमधून २ मीटर दोर जातो. म्हणजे बेचक्यातून उतरताना जी उष्णता तयार होते त्यातली निम्म्याहून थोडी जास्त हिचमध्ये, बाकीची सालीवर जाते (म्हणूनच तर साल आणि दोर दोन्ही खराब होतात आणि म्हणूनच सेव्हर आला). पुलीवरून उतरताना जवळपास सगळीच्या सगळी त्या ८ मिमीच्या दोन-तीन वेढ्यांमध्ये.

आणि सगळी म्हणजे किती? ९२ किलो १२ मीटर खाली आणायला साधारण १०,८०० जूल. ६ सेकंदांत सुर्रकन उतरलात तर १.८ किलोवॅट, पाणी तापवायच्या दणकट रॉडएवढं, एका गाठीत. तेच ३० सेकंदांत उतरलात तर ३६० वॅट. एकूण उष्णता तेवढीच, पण दुसऱ्या केसमध्ये तिला दोरात आणि हवेत पसरायला वेळ मिळतो. मी काय करायचो, दिवसाच्या शेवटी चहा दिसतोय खाली, सुर्रकन. रोज.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्या नाहीतर चुकीचा निष्कर्ष निघेल. ४५ किलो जास्त झाले म्हणून हिच घसरते असं नाही. चांगली हिच जेवढं वजन येईल तेवढी जास्त आवळते, २६ ला पकडते तर ४५ लाही पकडते. फरक वजनाचा नाही, त्या वजनाने तयार झालेल्या उष्णतेने पृष्ठभाग गुळगुळीत केला त्याचा आहे. म्हणूनच वेढा वाढवून उपयोग नाही, गुळगुळीत कॉर्डचा आणखी एक वेढा म्हणजे आणखी एक गुळगुळीत वेढा.

काय बदललं आता. कॉर्ड अॅरामिड मिसळलेल्या कव्हरची घेतली, अॅरामिड वितळत नाही, खूप वर गेल्यावर जळून काळं पडतं. पण ते अमर आहे असं समजू नका, सतत वाकवणं आणि ऊन दोन्ही त्याला चालत नाही, आणि ते चकचकीत न होता केसाळ होत बारीक होतं, म्हणजे बघायची खूण वेगळी. दुसरं, रोजच्या कामाला परत दोन रिंगवाला सेव्हर, चढताना थोडं जड जातं, जाऊ दे. पुली फक्त जिथे आडवं फिरणं भरपूर आहे तिथे, आणि तिथली शेवटची लांब उतरण हिचवर नाही, वेगळ्या डिसेंडरवर, म्हणजे दोरावरून उतरायच्या उपकरणावर. तिसरं, सावकाश उतरणं, दोन-तीन मीटर आणि थांबा. हे तिसरं फुकट आहे आणि सगळ्यात अवघड तेच आहे. बाय द वे जे एकेरी दोरावर, म्हणजे एसआरएस वर काम करतात त्यांच्या हिचवर तर सगळंच वजन येतं, तिथे नुसत्या हिचवर उतरणं हा विषयच नाही, वर रोप रेंचसारखं घर्षण वाटून घेणारं काहीतरी हवंच. आणि हाय मॉड्युलस पॉलिएथिलीनची कॉर्ड, ती पांढरी सुळसुळीत, हिचसाठी कुणी दिली तर घेऊ नका, ताकद दांडगी पण १५० अंशांच्या आसपास वितळते.

आता टेस्टिंग. हा शब्द लोक दोन अर्थांनी वापरतात आणि गोंधळ तिथेच होतो. एक म्हणजे ताकदीची टेस्ट. ती कारखान्यात होते, नमुना तोडून. ईएन १८९१ (कमी ताणणाऱ्या दोरांचं युरोपियन मानक) चा टाइप ए दोर असेल तर तो किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे २,२०० किलोच्या वर, सहन करतो, आणि टोकाला गाठ किंवा शिवण असताना १५ किलोन्यूटन ३ मिनिटं. ही टेस्ट घरी करायची नसते. आमच्यातल्या एकाने दोर गाडीला बांधून ओढून बघू असं सुचवलं होतं. तुटला नाही तर काय कळणार? तुटला नाही एवढंच. आतले किती धागे गेले ते नाही कळत, उलट चांगला दोर खराब करून परत त्याच्यावरच चढायचं. दुसरी टेस्ट म्हणजे चालण्याची, की ही कॉर्ड या दोरावर या माणसाच्या वजनाला पकडते का. ही मात्र आपल्यालाच करायची असते, रोज, आणि कुठलंही कॉम्बिनेशन बदललं की नव्याने.

मी कशी करतो ते सांगतो. जाड फांदीवरून सिस्टिम लावायची, बसल्यावर पाय जमिनीपासून फूटभरच वर राहतील अशी. हिच बांधली, वेढे नीट लावले, एकावर एक चढलेले नकोत, मग हाताने आवळायची. हळू बसायचं. हिचच्या लगेच वर दोरावर टेपचा छोटा तुकडा लावायचा आणि ५ मिनिटं नुसतं बसून राहायचं, फोन बघा, काहीही करा. पहिल्या क्षणी हिच एक-दोन सेंटीमीटर बसते, ते चालतं. पण ५ मिनिटांनी टेप आणि हिच यांच्यातलं अंतर वाढतच चाललेलं दिसलं तर ती कॉर्ड वर जाणार नाही, चर्चा नाही. मग दोन-तीनदा हलका उसळा मारायचा, मग वजन काढून टाकून परत अचानक बसायचं, असं दहा वेळा. दहापैकी नऊ वेळा पकडली म्हणजे पास नाही, नापास. माझी चौथी कॉर्ड या टेस्टला सहाव्या वेळेला घसरली होती, म्हणजे ९ मीटरवर जे झालं ते फूटभर उंचीवर दिसलं असतं. मी करतच नव्हतो हो, सकाळी एकदा बसून बघायचो, पकडली, चला वर.

ही टेस्ट दोराच्या एकाच जागी करू नका. दोराचा जो भाग जास्त वापरला जातो तिथे पण करा, कारण कधीकधी दोष कॉर्डचा नसतोच.

तुमची केस माझ्यासारखीच असेल असं नाही, त्यामुळे कधी घसरते ते आधी नीट बघा. कोरा करकरीत दोर असेल आणि पहिल्या दिवसापासून घसरत असेल तर कारखान्यातलं फिनिश अजून आहे, एकदा साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवला की दोर थोडा आवळतो आणि सुधारतो. ठराविक जागीच घसरत असेल तर दोर बघा, तिथे चीक बसून गुळगुळीत झालाय का, चिमटीत धरून सगळा दोर ओढून बघा, कुठे बारीक, कुठे कडक, कुठे आत पोकळ लागतोय का. पोकळ म्हणजे कोअर गेला असण्याची शक्यता, तो भाग कापा किंवा दोरच काढा. कव्हर कोअरवरून सरकत जाऊन टोकाला पिशवीसारखं गोळा झालं असेल तरी हिचला नीट धरायला मिळत नाही. फक्त फांदीजवळ असतानाच घसरत असेल तर ते घसरणं नाहीच बहुतेक, फांदी किंवा डहाळी हिचला वरून दाबून मोकळी करतेय, किंवा पान आत अडकलंय. हे फार होतं आणि फार कमी लोक तपासतात. वजन काढल्यानंतर परत बसताना घसरत असेल तर कॉर्ड जास्त लांब आहे किंवा हिचच्या लगेच खाली लावलेली छोटी पुली वेढ्यांना वर ढकलून उघडं ठेवतेय. दुसऱ्याच्या दोरावर गेल्यावर घसरायला लागली तर जाडी बघा, माझी ८ ची कॉर्ड ११.७ वर चालते म्हणून ११ वर तितक्याच वेढ्यांनी चालेल असं धरून चालता येत नाही. ओल्या दोरावर तर वागणं पूर्ण बदलतं, पाऊस पडून गेला की खाली परत टेस्ट.

धुताना कोमट पाणी, ३० अंशांच्या आत, सौम्य साबण. ब्लीच नको. नायलॉनला अॅसिड मारतं, म्हणून दोराची बॅग गाडीत बॅटरीशेजारी ठेवू नका, डाग दिसत नाही आणि दोर मात्र गेलेला असतो.

हे सगळं करताना बाकीचं सामान पण तपासलं आणि खरं सांगतो, हिचपेक्षा जास्त भीती मला हार्नेसच्या ब्रिजची वाटली. दोन्ही बाजूंना जोडणारा तो छोटा दोर, त्यावर रिंग दिवसभर इकडून तिकडे घासते, आणि आपण सगळे हिचकडे बघतो, पोटासमोरच्या ब्रिजकडे कुणी बघत नाही. माझ्याचं कव्हर एका बाजूला इतकं पातळ झालं होतं की वाकवल्यावर आतला पांढरा कोअर दिसत होता. त्याच दिवशी बदलला. ब्रिज गेला तर वर हिच कितीही चांगली असून काय फायदा. कॅराबिनरला, म्हणजे गेटवाल्या धातूच्या कडीला, जिथे दोर घासतो तिथे खाच पडलीये का नखाने बघा, मिलिमीटरभर खोल गेली की काढून टाका, आणि गेट स्वतःहून बंद होऊन लॉक होतंय का ते दहा वेळा उघडून बघा, चीक आणि भुसा बसला की अर्ध्यातच थांबतं. उघड्या गेटच्या कॅराबिनरची ताकद बंद असतानाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते, आडवा लोड पडला तरी तेच. दोराच्या मोकळ्या टोकाला स्टॉपर गाठ आहे का हे पण बघा, ती विसरली की हिच दोराच्या टोकावरूनच निघून जाते.

लॅनयार्डचं राहिलं. करवत चालू करायच्या आधी दोन ठिकाणी बांधलेलं असायला हवं हे सगळ्यांना पाठ असतं, पण मी घसरलो तेव्हा करवत हातात नव्हती, नुसता जागा बदलत होतो. आता मी हिचवर पूर्ण वजन टाकून, थोडं उसळून, ती पकडतेय हे बघितल्याशिवाय लॅनयार्ड सोडत नाही, प्रत्येक वेळी, चार सेकंद जातात. आणि घसरलीच तर काय करायचं हे हाताला शिकवावं लागतं, डोक्याला माहीत असून चालत नाही. आम्ही फूटभर उंचीवर मुद्दाम हिच घसरवून हात सोडायची प्रॅक्टिस केली. पहिल्या तीन-चार वेळा प्रत्येकाने हिचच घट्ट धरली, मी पण धरली, सगळं माहीत असूनही.

सध्याची कॉर्ड चौदाव्या आठवड्यात आहे. वरचा वेढा थोडा केसाळ झालाय, चकाकी नाही, टेपची टेस्ट रोज पास होतेय. अजून दोन आठवडे वापरून, नापास व्हायची वाट न बघता काढणार आहे, आणि जुन्या चारच्या शेजारी ठेवून देणार.